दोन सरकारं आणि तेहतीस अनारसे

फ्रिस्को, टेक्सस
९ मार्च २०२६

शुभाताई,

नाही, फोन मी मुद्दामच केलेला नाही. फोन केला की तुम्ही नुसतं "बोला" म्हणता, आणि त्या "बोला"नंतर माणसाला काही बोलता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर माझा अंगठा कुठं पडेल याचा नेम नाही. मागे डॉक्टरांना पाठवायचा लघवीचा रिपोर्ट मी फॅमिली ग्रुपवर टाकला. पंचवीस जणांनी हात जोडले, दोघांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. म्हणून पत्र. पत्र चुकलं तरी एकाच घरी चुकतं.

आता काम सांगतो. इलाच्या शाळेत एक खूळ आहे. पोरं देश होतात. आपली इला पोर्तुगाल झाली आहे आणि तिची मैत्रीण नैना फिनलंड. युरोपातली ही दोन सरकारं एकमेकांची किती दोस्त आहेत, दोघांना कशाकशाची सारखीच काळजी आहे, असं दोघींनी मिळून एका कागदावर लिहायचं आणि डॅलसला मोठ्या हॉलमध्ये वाचून दाखवायचं. त्याला संयुक्त निवेदन म्हणतात, हे मला परीक्षितनं सांगितलं. मी नववी नापास माणूस. मिरजेला ऑइल इंजिनं खोलण्यात जन्म गेला. पोर्तुगाल म्हटलं की मला वसईचा किल्ला आठवतो, पुढं काही नाही. मी इलाला विचारलं, "वसई आपण घेतली, त्याचं काय करायचं? विषय काढायचा का?" ती म्हणाली, "आजोबा, दॅट्स नॉट ऑन द अजेंडा." तेरा वर्षांची पोर.

कार्यक्रम शनिवारी ३० मेला आहे. एका मुलाला दोनच पाहुणे आत नेता येतात. तुमची राधिका आणि माझा परीक्षित बाहेर पडद्यावर बघतो म्हणाले, कारण इलाला आत तुम्ही आणि मी हवे आहोत. दोघं. एकटा मी आलो तर चालणार नाही, एकट्या तुम्ही आलात तरी नाही. दोन्ही पास परत करीन म्हणते. पोर्तुगालचं सरकार हट्टी आहे, आणि तो हट्ट कुणाकडून आला यावर मी इथं काही लिहीत नाही.

तर तुम्ही या. तीन वर्षं झाली तुम्ही या घरात पाऊल टाकलं नाही. कारण मला माहीत आहे. अधिक महिन्याचे तेहतीस अनारसे तुम्ही जावयासाठी वाण म्हणून पाठवलेत, आणि ते वाण जावयाच्या हातात पडायच्या आधी जावयाच्या बापानं खाल्लं. खाल्लं म्हणजे खाल्लं. मी तेव्हाही नाही म्हटलं नव्हतं. खादाड आहे, झालं. पण चव अगदी तुमच्याच हातची होती, हेही मी तेव्हाच सगळ्यांसमोर बोललो होतो. यंदा मे महिन्यात परत अधिक आलाय. राग धरायचा असेल तर निदान नवा धरा, जुना शिळा झाला.

गुरुनाथ


बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
१७ मार्च २०२६

श्री. गुरुनाथराव यांस,
सविनय नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. इलाच्या निवडीचा आनंद आहे. नाशिकला बत्तीस वर्षं भूगोल शिकवला असल्यामुळे दोन गोष्टी तिला सांगाव्यात असं वाटतं. वसई सोडून द्यावी. पोर्तुगालात बाटलीची बुचं ज्यांच्या सालीची होतात त्या झाडांची जंगलं आहेत आणि उन्हाळ्यात तिथे वणवे लागतात. फिनलंड तर बहुतेक जंगल आणि तळीच. तेव्हा दोन्ही सरकारांना जंगलाची काळजी असणं साहजिक आहे, आणि निवेदनाची सुरुवात तिथून करता येईल. तिला म्हणावं, मैत्री फार आहे हे आधी लिहू नये. आधी काम लिहावं. मैत्री त्यातून दिसते.

३० मेचं मात्र जमणार नाही. इथे मुलाकडे माझे कार्यक्रम ठरलेले आहेत.

अनारशांचा विषय आपण काढलात म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. खाण्याचं मला काही नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं चार अनारसे खाल्ले तर त्यावर तीन वर्षं रुसून बसेन इतकी मी लहान नाही. आपण त्या दिवशी फोनच्या स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत, जे कौतुक केलंत, ते मी विसरलेले नाही. आणि आता पत्रात पुन्हा तेच वाक्य लिहिलंत. हे वाक्य लिहिताना आपल्याला काय वाटलं असेल याचा मी बराच विचार केला.

इलाला आशीर्वाद. राधिकाला म्हणावं, रात्री केस ओले ठेवून झोपू नये.

शुभा


फ्रिस्को
२८ मार्च २०२६

शुभाताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा चष्म्यानं, एकदा भिंगानं, आणि एकदा गॅरेजमध्ये उभं राहून, कारण डोकं चालेना की मी हत्यारांजवळ जातो. तरी कळलं नाही. शिवी दिली तर माणूस रागावतो हे मला ठाऊक आहे, मी पुष्कळ दिल्यात. पण चव छान होती म्हटल्यावर तीन वर्षं अबोला? इंजिनाला तेल घातलं आणि ते अडकलं, असं माझ्या हातून एकदाच झालं होतं. तेव्हा तेलाच्या डब्यात रॉकेल होतं. माझ्या कौतुकात रॉकेल कुठं होतं ते तुम्हीच सांगा.

आणि किती रागावलात ते अक्षरावरून दिसलं. तुमचं अक्षर मी लग्नाच्या याद्यांपासून ओळखतो, फळ्यावरचं अक्षर. या वेळी सगळं थरथरतंय. "सविनय"सुद्धा थरथरतंय. सविनय शब्दावर एवढा राग काढलेला मी पहिल्यांदाच बघितला.

इलाला जंगलाचं सांगितलं. तिला पटलं. लगेच आधीचा कागद फाडला. त्यात पहिल्या पानभर नुसती मैत्रीच होती, माझ्याकडून शब्द विचारून घेतले होते. आता ती रोज संध्याकाळी मला हे निवेदनांचं प्रकरण शिकवते. म्हणे, ही सरकारं कधी भांडण झालं असं लिहीत नाहीत. "मोकळेपणानं चर्चा झाली" असं लिहिलं की समजायचं, जोरात वाजलं. "एकमेकांची भूमिका समजून घेतली" म्हणजे कुणी हललं नाही. मी म्हटलं, मग आपल्या घरात पंचवीस वर्षं निवेदनंच चाललीत की. ती खूप हसली आणि वहीत लिहून घेतलं. माझी वाक्यं हल्ली युरोपात जातात.

म्हणून मीही एक तयार केलंय. वाचा:

"मिरज सरकार आणि नाशिक सरकार यांच्यात टपालानं बोलणी झाली. बोलणी मैत्रीच्या वातावरणात झाली, कारण दोघं एकमेकांपासून दोन हजार मैलांवर बसले होते. अनारसे या विषयावर दोन्ही बाजूंनी स्पष्ट विचार मांडले. राधिका ही दोन्ही सरकारांची सारखीच काळजी आहे यावर एकमत झालं. इलाच्या कार्यक्रमाला दोन्ही सरकारं शेजारी शेजारी बसतील."

खाली मी सही केली आहे. तुमच्या सहीला जागा सोडली आहे. मोठी सोडली आहे, हात थरथरत असला तरी मावेल.

राधिकाचं उगाच लिहिलेलं नाही. ती तुमच्याशी रोज बोलते ना, साडेसातला? कुठून बोलते माहीत आहे? गॅरेजमधून. गाडीत बसते, काचा वर करते आणि बोलते. तीन वर्षं. घरात मी असतो, माझ्या कानावर तुमचं नाव पडलं की मी काहीतरी वाकडं बोलणार, आणि तुम्हाला मागून माझा खोकला ऐकू आला की तुम्ही फोन ठेवणार, म्हणून. चार बेडरूमचं घर घेतलंय आणि आईशी बोलायला पोरीला गाडी लागते. परवा मी पाना आणायला गॅरेजात गेलो तर ती दचकली, चोरी पकडल्यासारखी. मी पाना न घेताच परत आलो.

हे लिहायचं नव्हतं. लिहून झालं. खोडलं तर तुम्ही भिंगानं वाचाल.

गुरुनाथ


बेलव्ह्यू
६ एप्रिल २०२६

गुरुनाथराव,

मला वाटायचं ती ऑफिसमधून निघताना बोलते. मागे येणारा तो पोकळ आवाज पार्किंगचा वाटायचा. मीच तिला म्हणायचे, "घरी पोच, मग निवांत बोलू." ती म्हणायची, "आई, इथंच बरंय."

आपलं निवेदन तपासून परत पाठवलं आहे. सवयीनं लाल पेन घेतलं, राग मानू नये. पहिली दोन वाक्यं ठीक. "स्पष्ट विचार मांडले" हे मी खोडलं आहे. कारण ते खोटं आहे. आपल्यापैकी निदान एका सरकारनं स्पष्ट काहीही मांडलेलं नाही. ते आता मांडते.

माझं अक्षर रागानं थरथरत नाही. उजवा हातच थरथरतो. चौथं वर्ष आहे. डॉक्टर म्हणतात धोक्याचं काही नाही, पण बारीक काम जमत नाही. सुईत दोरा जात नाही. अनारसा थापताना बोट खसखशीवर ठरत नाही. राधिकाला सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती पहिल्या विमानानं येईल, आणि मग मी तिच्या काळजीचा विषय होईन. मला अजून आई राहायचं आहे.

तर तेव्हाचे ते तेहतीस अनारसे मी केलेले नव्हते. इथे रुपाली म्हणून एक मुलगी घरून ऑर्डरी घेते. तिच्याकडून करून घेतले, माझ्या डब्यात भरले, माझं निरांजन त्यात ठेवलं आणि माझ्या नावानं पाठवले. सगळ्यांना सांगितलं, दोन दिवस खपून केले. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतली नक्कल पकडली, आणि सत्तरीत स्वतः केली.

आणि मग फोनवर आपण मोठ्यांदा म्हणालात, "चव अगदी तुमच्याच हातची." मला वाटलं, या माणसानं एका घासात ओळखलं आणि आता सगळ्यांसमोर टोमणा मारतोय. वर हसलातही. माझ्या कानात ते हसू तीन वर्षं आहे. वाण खाल्लं म्हणून रागावले, असं राधिकाला वाटू दिलं. ते सोपं होतं.

आपण ओळखलं होतंत का नाही, एवढंच मला सांगा. आता खरं सांगितलंत तरी चालेल.

शुभा


फ्रिस्को
१३ एप्रिल २०२६

शुभाताई,

नाही. ओळखलं नव्हतं. ओळखायला आधी खावं लागतं.

मी एकही अनारसा खाल्लेला नाही.

आता बसून वाचा. जुलै महिना होता. परीक्षित, राधिका आणि इला आठवडाभर कोलोरॅडोला गेले होते, मी घरी एकटा. तुम्हाला ठाऊक आहे, परीक्षित सगळं घरपोच मागवतो. बुटापासून बॅटरीपर्यंत. दारात रोज खोकी येऊन पडतात आणि मला त्या खोक्यांचा संताप आहे. त्या आठवड्यात मी ठरवलं, आपण हमाल नाही, एक खोकं उचलायचं नाही. धडा शिकवायचा. कुणाला धडा शिकवत होतो ते विचारू नका, घरात कुणी नव्हतं.

तुमचं खोकं त्यातच होतं. दोन दिवस पायरीवर. टेक्ससचं ऊन तुम्ही भूगोलात शिकवलं असेल, मी अंगावर घेतलंय. पायरीवर अंडं फोडलं तर शिजेल. मी दोन दिवस त्या खोक्याला वळसा घालून फिरायला गेलो. एकदा वळसा घालायचा कंटाळा आला म्हणून पायानं बाजूला केलं. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग बघितली, रस्त्यापासून पायरीपर्यंत, आणि मग खोक्यावरचं नाव वाचलं. उघडलं तर तूप खवट झालेलं आणि लाल मुंग्यांचं लग्न चाललेलं. निरांजन तेवढं त्यांना पचलं नाही. अनारसे मी कचऱ्यात टाकले, डबा तीनदा घासला, निरांजन पुसून ठेवलं.

मग विचार केला. तुम्ही दोन दिवस खपून केलेले अनारसे मी लाथेनं बाजूला सारले आणि मुंग्यांना घातले, हे सांगायचं कसं? त्यापेक्षा खाल्ले म्हणावं. खादाड म्हातारा म्हटल्यावर लोक हसतात आणि विसरतात, असा माझा हिशेब. नववी नापास माणसाचा हिशेब. वर आणखी अक्कल पाजळली की नुसतं खाल्लं म्हणणं कोरडं वाटतं, एक कौतुकाचा शब्द घालू. हसलो ते घाबरून. खोटं बोलताना मला हसू येतं, परीक्षितला विचारा. नको, विचारू नका.

म्हणजे जी चव मी घेतलीच नव्हती, ती मी तुमच्या हातची म्हटली, आणि हात तुमचा नव्हताच. एवढं बिघडलेलं इंजिन माझ्याकडे कधी आलं नव्हतं. पहिला पाना कुठं लावायचा तेच कळत नाही.

हाताचं मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही राधिकाला सांगा. ती गॅरेजात बसून तुमच्याशी बोलते ती तुमच्या ताकदीसाठी नाही.

गुरुनाथ


बेलव्ह्यू
२२ एप्रिल २०२६

गुरुनाथराव,

पत्र वाचून मी आधी एक तास रागावले. लाथ कशाला मारलीत? मग भाजी चिरताना एकदम हसायला लागले. सून आली आणि विचारायला लागली, आई, काय झालं? मी म्हटलं, मुंग्यांना तूप पचलं की नाही, एवढंच कळायचं राहिलंय. ती घाबरून मुलाला फोन करायला गेली.

येते. गुरुवारी २८ मेला. पण माझ्या अटी आहेत, आणि त्या निवेदनात घालायच्या नाहीत.

विमानतळावर कुणी फुलं घेऊन उभं राहायचं नाही. मुंग्यांचं आणि रुपालीचं राधिका-परीक्षितला कधीही कळता कामा नये. त्यांच्या लेखी आपण वाण खाल्लंत आणि मी क्षमा केली, हेच कायम ठेवायचं. हाताचं मी स्वतः सांगेन, माझ्या वेळेला.

तिसरी अट महत्त्वाची. यंदा वाण द्यायचं आहे आणि विकतचं नको. मला थापता येणार नाही. पीठ मळायला दोन धड हात लागतात, ते आपल्याकडे आहेत. तेव्हा पीठ आपण करायचं. १७ तारखेला रविवारी सोनामसुरी तांदूळ भिजत घाला, बासमती चालणार नाही. तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं. रोज म्हणजे रोज. मग निथळून सुती कापडावर सावलीत पसरा, अर्धवट ओले असताना मिक्सरमध्ये बारीक करा, चाळा, बरोबरीचा गूळ किसून घाला, चमचाभर तूप, आणि घट्ट गोळा करून डब्यात ठेवा. उघडून बघायचं नाही. गूळ वजनानं घ्यायचा, अंदाजानं नाही. आपला अंदाज मला आता माहीत झाला आहे.

शुभा


फ्रिस्को
२१ मे २०२६

शुभाताई,

पीठ डब्यात गेलं. अहवाल देतो. चार दिवस हे घर माझ्याकडे बघून हसतंय. मी, ज्यानं आयुष्यात सणाचा खटाटोप म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग म्हटलं, तो राधिकाची सुती साडी डायनिंग टेबलवर पसरून तांदूळ वाळवत बसलाय. इलानं फोटो काढला आणि नैनाला पाठवला. तिकडून उत्तर आलं, फिनलंडचा या उपक्रमाला पाठिंबा आहे.

राधिकानं विचारलं, बाबा, हे कशासाठी? मी म्हटलं, तुझी आई येतीय, तिनं काम लावलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही तिला येते म्हणून सांगितलंत, पण मला काम लावलंत हे सांगितलं नव्हतंत वाटतं. मग ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं आली. डोळे धुतलेले. मी तांदूळ सारखे करत राहिलो, सारखेच होते तरी.

आणि एक कबुली, आत्ताच दिलेली बरी. तिसऱ्या दिवशी पाणी बदललं नाही. स्वच्छ दिसत होतं. गूळ वजनानंच घेतला, पण काट्यावर थोडा कमी भरला म्हणून वर एक मूठ टाकला. मूठ माझी मोठी आहे.

गुरुवारी परीक्षित न्यायला येईल. फुलं नाहीत.

गुरुनाथ


बेलव्ह्यू
१० जून २०२६

गुरुनाथराव,

सुखरूप पोचले. माझ्या इथल्या मैत्रिणींना कार्यक्रमाची हकिकत चारदा सांगून झाली, आता पाचव्यांदा तुम्हालाच सांगते, कारण त्या गर्दीत आपल्याला अर्धं ऐकू आलं नव्हतं आणि आपण शेजारी बसून "काय म्हणाली, काय म्हणाली" करून उरलेलं मला ऐकू दिलं नाहीत.

इलानं आधी जंगलाचं वाचलं, वणवे विझवायला एकमेकांकडे माणसं पाठवायचं वाचलं, मुलांनी एकमेकांच्या शाळेत जायचं वाचलं. मैत्री शब्द एकदाच आला, तोही शेवटी. मला फार बरं वाटलं. मग त्या परीक्षक बाईंनी विचारलं की तुमच्या दोन सरकारांचं पटलं नाही तर काय कराल? इला म्हणाली, "माझ्या आजी-आजोबांना तीन वर्षं लागली. तुम्ही आम्हाला चाळीस मिनिटं दिलीत." सगळा हॉल हसला आणि काही लोक वळून बघायला लागले. तेव्हा आपण छताकडे का बघत होतात? मीही बघत होते म्हणून विचारते. नंबर आला नाही, पण ती आणि नैना दोघी उड्या मारत बाहेर आल्या. त्यांच्या लेखी युरोपचं मिटलं.

तळणाबद्दल. मी शेगडीपाशी उभी, आपण थापताय, राधिका मध्येच येऊन म्हणाली, "आई, तू थापत का नाहीस?" आपण लगेच काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. मी डोळ्यांनी गप्प केलं आणि माझा हात तिच्यासमोर धरला. तिनं तो धरून ठेवला. तेवढ्यात तुपातला पहिला अनारसा हसला, पार विरघळून सगळीकडे पसरला, आणि मागोमाग दुसरा. ती रडता रडता म्हणाली, "बाबा, पाणी बदललं होतं ना?" आपण म्हणालात, "दोनदा." पीठ मी आपल्याला का करायला लावलं, तेही तिला तेव्हा कळलं असावं.

चव्वेचाळीस घातले, अकरा हसले, बरोबर तेहतीस ताटात बसले. परीक्षितनं ते हातात घेतले तेव्हा आपण स्वयंपाकघरात होतात. मी पाणी प्यायला आले तर कढईजवळ उभे राहून ते अकरा तुकडे बशीतून खात होतात. सगळे. मोजून अकरा.

राधिका आता रोज स्वयंपाकघरातून फोन करते. कुकरच्या शिट्ट्यांमुळे निम्मं ऐकू येत नाही. मागून आपला खोकला येतो. औषध घ्यावं.

आता एकच राहिलं. या वेळी पीठ आपलं होतं, तळण माझं होतं, आणि खाल्लेतही आपणच, हे मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हा खरं सांगा. अनारसे कसे झाले होते?

शुभा


फ्रिस्को
१७ जून २०२६

शुभाताई,

खोकल्याचं औषध घेतलं. छताकडे बघत होतो कारण तिथं पंखा होता आणि तो जरा लंगडत होता. तुम्ही का बघत होतात ते मी विचारत नाही.

दारात खोकं आलं की मी आता पळत जातो. परीक्षित म्हणतो, बाबा, हल्ली तुम्हाला ऑनलाइन शॉपिंगची आवड लागली. म्हणू दे. काल पळत गेलो, आत त्याच्या गाडीचे वायपर निघाले. नाव वाचून, हातानं उचलून, सावलीत ठेवले.

इलानं तुमचं लाल पेनानं तपासलेलं ते निवेदन माझ्या टेबलवर बघितलं. मराठी तिला धड वाचता येत नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, धिस वन इज ओन्ली हाफ साइन्ड." तर तुमच्या सहीची जागा अजून रिकामी आहे. कागद सोबत पाठवतो. खोडलेलं वाक्य तुम्ही खोडलेलंच ठेवा, सही तेवढी करा. वाकडी आली तर येऊ दे. राधिका तो फ्रिजवर लावायचा म्हणतीय. तिला वाटतं आपण गंमत करतोय.

राहिला तुमचा प्रश्न. एकदा न खाता चांगलं म्हटलं, त्यात तीन वर्षं गेली. या वेळी खाल्लेत, अकराच्या अकरा खाल्लेत, आणि कसे होते ते मला ठाऊक आहे. चांगले म्हटलं तर तुम्ही म्हणाल टोमणा. वाईट म्हटलं तर पीठ माझं होतं. पुढचा अधिक यायला तीन वर्षं आहेत, आणि राधिका स्वयंपाकघरात बसून फोन करतेय.

तेव्हा अनारसे कसे झाले होते, ते मी सांगणार नाही. परत विचारू नका.

गुरुनाथ